पोस्टव्हिल : एका गावाची खानेसुमारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी आयोवा हे एक राज्य. मक्याचे आणि डुकरांचे राज्य अशी त्याची ख्याती आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, पोस्टव्हिल नावाचे एक गाव आहे. २००० सालच्या खानेसुमारीत ह्या गावची लोकसंख्या २,२७३ भरली. २०१० साली ती २,२२७ भरली. दहा वर्षांत शेहेचाळीस माणसे कमी. काही वृद्ध वारले असतील, काही तरुण शहराकडे गेले असतील, असे म्हणून कोणीही वाचक ह्या आकड्यांवरून पुढे जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

परंतु ह्या दोन खानेसुमाऱ्यांच्या मध्ये, १२ मे २००८ रोजी सकाळी, सरकारी अंमलदारांनी ह्या एवढ्याशा गावातून ३८९ माणसे एका दिवसात धरून नेली. त्यानंतर आणखी शेकडो माणसे भीतीपोटी निघून गेली. त्यांच्या जागी प्रशांत महासागरातील एका बेटावरची माणसे आली, ती गेली, मग सोमालियातून आलेले लोक राहावयास आले. जे गेले त्यांतलेही काही पुढे परतले. घरे तीच, रस्ते तेच, पाण्याची उंच टाकी तीच, आणि आत राहणारी माणसे मात्र पुष्कळशी निराळी. एवढ्या उलथापालथीची खानेसुमारीच्या कागदावर नोंद काय? तर वजा शेहेचाळीस. श्रोतेहो, ह्या शेहेचाळीसच्या आकड्यामागे काय दडले आहे, ते आज थोडे उलगडून पाहावे असा विचार आहे.

प्रथम गाव कसे आहे ते सांगतो. आपल्याकडे पाच हजार वस्ती झाल्यावाचून जनगणनेच्या लेखी एखादे ठिकाण सहसा शहर ठरत नाही. आयोवाच्या कायद्यात गाव नावाचा प्रकारच नाही. तेथे नगरपालिका स्थापन झालेली प्रत्येक वस्ती, मग तीत पन्नास माणसे का असेनात, 'शहर' म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा दोन-अडीच हजार वस्तीच्या पोस्टव्हिललाही महापौर आहे. दोन जिल्ह्यांच्या सीमेवर ते अशा बेताने बसले आहे की, गावाचा काही भाग अलामकी जिल्ह्यात पडतो आणि काही क्लेटन जिल्ह्यात. हिमयुगातील प्रचंड हिमनद्यांनी आयोवाची बरीचशी भूमी घासून सपाट केली. ह्या कोपऱ्याच्या आसपासचा मुलूख मात्र त्यांच्या तडाख्यातून सुटला. त्यामुळे येथे टेकड्या आहेत, दऱ्या आहेत, आणि उतारांवर मक्याच्या पट्ट्या आखून घातल्यासारख्या दिसतात.

ह्या गावाचा जन्म एका रस्त्यावर झाला. १८४० च्या सुमारास अमेरिकन सरकारने मिसिसिपीकाठच्या एका किल्ल्यापासून फोर्ट अ‍ॅटकिन्सन ह्या आतल्या नव्या किल्ल्यापर्यंत लष्करी सडक बांधली. हा नवा किल्ला कशासाठी होता? तर मिसिसिपीपलीकडून उठवून ह्या मुलखात आणून बसविलेल्या हो-चंक ह्या मूळ रहिवाशांवर नजर ठेवण्यासाठी. त्या सडकेवर जोएल पोस्ट नावाच्या एका वसाहतवाल्याने वाटसरूंच्या विसाव्यासाठी घर बांधले, आणि त्याच्या नावावरून हे पोस्टव्हिल. १८४८ साली हो-चंक लोकांना येथूनही उठवून उत्तरेकडे मिनेसोटात नेण्यात आले. किल्ला ओस पडला, सडक उरली. गावच्या लोकसंख्येचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो असा, माणसे नेण्यापासून सुरू करावा लागतो.

मग जर्मन आले, नॉर्वेजियन आले, आयरिश आले. बहुतेक शेतकरी, धर्माने कोणी लुथरन, कोणी कॅथलिक. ह्याच काळात, १८६५ साली, जॉन मॉट नावाचे एक तान्हे मूल आईबापांबरोबर न्यूयॉर्क राज्यातून येथे आले. वडील लाकडाचे व्यापारी. पुढे तेच गावचे पहिले महापौर झाले. मुलगा वाय.एम.सी.ए. ह्या ख्रिस्ती युवकसंघाचा जगप्रसिद्ध पुढारी झाला आणि १९४६ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. आपल्याशी त्याचा संबंध असा की, १९३६ साली आणि पुन्हा १९३८ साली हे डॉ. मॉट वर्ध्याजवळच्या सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, महात्माजींना भेटावयास आले होते. धर्मांतर आणि मिशनऱ्यांचे कार्य ह्यांवर दोघांचे सविस्तर बोलणे झाले आणि ते 'हरिजन'मध्ये छापलेही गेले. पोस्टव्हिलच्या मातीत वाढलेला एक माणूस सेगावच्या मातीच्या झोपडीत बसून धर्माधर्मांच्या संबंधाविषयी गांधीजींशी वाद घालतो, हे चित्र मला मोठे लोभस वाटते. त्याच्या गावाला ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापरीने शोधावे लागणार होते, पण ते आणखी पन्नास वर्षांनी.

जर्मन आले, असे मी म्हटले. परंतु त्यांचे येणे काही निर्वेध नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरल्यावर आयोवाचे राज्यपाल हार्डिंग ह्यांनी २३ मे १९१८ रोजी एक फर्मान काढले. शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, इतकेच नव्हे तर देवळातील उपासनेतही इंग्रजीवाचून दुसरी भाषा बोलावयाची नाही! आयोवात घराघरांतून जर्मन आणि नॉर्वेजियन बोलली जात होती, चर्चमधून प्रवचने त्याच भाषांतून होत होती. त्या भाषा हळूहळू गप्प झाल्या. आज ह्या गावांतील जुने लोक एकजिनसी, मूळचे, अस्सल आयोवाचे म्हणून ओळखले जातात. त्यांचे ते एकजिनसीपण शंभर वर्षांपूर्वी काही अंशी हुकमाने घडविलेले आहे, ह्याची आठवण त्यांच्यापैकी फारच थोड्यांना असेल.

ह्या लोकांच्या रीतिभाती थोड्या सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचा तंटा त्यांवरूनच झाला. आयोवाचा शेतकरी मितभाषी असतो. मोटारीतून जाताना समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही तो चाकावरचे एक बोट उचलून नमस्कार करतो. एकच बोट, अधिक नाही. घरापुढचे गवत तो नियमाने कापतो. ते वाढू देणे हा आळसच नव्हे, शेजाऱ्याचा अपमान समजला जातो. दुकानातल्या किमतीवर घासाघीस करणे त्याला असभ्य वाटते. आणि नवा शेजारी आला की, घरची बाई काहीतरी भाजून, शिजवून, झाकलेले भांडे घेऊन त्याच्या दारी जाते. ते भांडे म्हणजे स्वागताचा सारा विधी असतो.

१९८० नंतर ह्या सुस्थिर जगाला हादरा बसला. आधीच्या दशकात जमिनीचे भाव चढत गेले होते आणि शेतकऱ्यांनी कर्जे काढून जमिनी घेतल्या होत्या. मग व्याजाचे दर कडाडले, धान्याचे भाव पडले आणि जमिनीच्या किमती कोसळल्या. आयोवात १९८१ साली एकराची सरासरी किंमत २,१४७ डॉलर होती. १९८६ साली ती ७८७ डॉलरवर आली. ज्या तारणावर कर्ज घेतले ते तारणच तिसऱ्या हिश्श्याएवढे उरले. शेते लिलावात गेली, पेढ्या बुडाल्या, मुले शिकून बाहेर पडली ती परतली नाहीत. पोस्टव्हिलमधला जुना कत्तलखानाही बंद पडला. १९९० साली गावची वस्ती १,४७२ होती. अशा गावांचा शेवट अमेरिकेत सर्वांना पाठ आहे : आधी शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन होते, मग दवाखाना जातो, मग किराणा दुकान.

परंतु १९८७ साली एक अघटित घडले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका ज्यू खाटकाने तो बंद पडलेला कत्तलखाना विकत घेतला आणि तेथे कोशर मांसाचा कारखाना काढला. कोशर म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे शुद्ध. मराठी श्रोत्याला हे फार समजावून सांगावे लागू नये. आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजाने शेकडो वर्षे खाण्यापिण्याचे हे नियम मराठी बोलत पाळले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपण त्यांना शनवार तेली म्हणत आलो. ह्या शास्त्राप्रमाणे जनावर कापणारा माणूस त्या विधीत शिकलेला धर्मनिष्ठ ज्यूच असावा लागतो. सुरीला खाच असता कामा नये. नंतर फुप्फुसे तपासावी लागतात. आणि मांस ठरावीक मुदतीत भिजवून, मीठ लावून रक्तरहित करावे लागते. पूर्वी हे काम मोठ्या शहरांतल्या खाटकांच्या दुकानी चाले. नव्या मालकाची कल्पना अशी की, जनावरे शहराकडे न्यावयाची त्याऐवजी विधी जाणणाऱ्या माणसांनाच जनावरांकडे न्यावे, आणि तयार मांस बंद पुडक्यांतून देशभर पाठवावे. कल्पना यशस्वी झाली. हा कारखाना अमेरिकेतला सर्वांत मोठा कोशर कत्तलखाना बनला.

त्यामुळे काय झाले, तर लुबाविच पंथाचे हासिदी ज्यू सहकुटुंब आयोवाच्या मक्याच्या शेतांत राहावयास आले. काळे लांब कोट, काळ्या टोप्या, दाढ्या, स्त्रियांचे झाकलेले केस. गावाने रिवाजाप्रमाणे स्वागत करावयाचे ठरविले असेल. पण हासिदी माणूस दुसऱ्याच्या चुलीवरचे खात नाही. झाकलेले भांडे दारातूनच परत फिरले. परस्त्रीशी तो हस्तांदोलन करीत नाही. घराबाहेरच्या गवताकडे पाहण्यास त्याला सवड नाही, आणि व्यापारात घासाघीस करणे हे त्याच्या दृष्टीने व्यवहाराचे नैसर्गिक अंग आहे. आपल्या देशात दुसऱ्याच्या हातचे न घेण्यामागे उच्चनीचतेची मोठी क्रूर परंपरा आहे, तसे येथे नव्हते. हासिदी माणूस आपल्या शेजाऱ्याला हीन समजत होता असे नव्हे, त्याला केवळ आपला नियम मोडावयाचा नव्हता. परंतु ज्याचे भांडे परत येते त्याला हा भेद कसा कळावा? आयोवा विद्यापीठातील प्राध्यापक स्टीफन ब्लूम ह्यांनी २००० साली ह्या गावावर एक पुस्तक लिहिले, त्यात ह्या कुरबुरींचे तपशील आहेत. कारखाना नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होता. ती जमीन हद्दीत घ्यावी की न घ्यावी ह्यावर १९९७ साली गावात मतदान झाले आणि जमीन हद्दीत घेण्याच्या बाजूने कौल पडला. वरवर पाहता प्रश्न हद्दीचा आणि करांचा. आतून प्रश्न असा होता की, ह्या गावात शब्द कोणाचा चालणार?

असे असूनही गाव जगले, हे विसरता येत नाही. रिकामी घरे भरली, शाळेत मुले आली. १९९० ते २००० ह्या दहा वर्षांत १,४७२ चे २,२७३ झाले, म्हणजे निम्म्याहून अधिक वाढ. पण ही वाढ हासिदी मंडळींमुळे थोडी, आणि कारखान्यातील मजुरांमुळे फार. सुरी चालविणारे हात ज्यूंचे असले तरी कातडे सोलणे, हाडे वेगळी करणे, रक्तात उभे राहून थंडगार कोठारात बारा-बारा तास तुकडे पाडणे हे काम दुसऱ्यांचे. आरंभी युक्रेन-रशियाकडील लोक होते. मग मेक्सिकन आले, आणि मग ग्वाटेमालाच्या डोंगराळ खेड्यांतले शेतकरी, एकामागून एक, भाऊ भावाला बोलावीत, चुलता पुतण्याला बोलावीत. आपल्या कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत माणसे ज्या रीतीने गेली, तीच ही रीत. फरक इतकाच की, कोकणी माणसाला मुंबईस जाण्यासाठी खोटे कागद करावे लागत नव्हते.

आणि ह्या खोट्या कागदांपाशीच १२ मे २००८ चा सोमवार उगवला. शेकडो सशस्त्र अंमलदार आले, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागली. कारखान्यात सुमारे नऊशेवर माणसे कामाला होती. त्यांतली ३८९ धरली : २९० ग्वाटेमालाचे, ९३ मेक्सिकोचे, चार युक्रेनियन आणि दोन इस्रायली. एकाच ठिकाणी घातलेली तोवरची ही सर्वांत मोठी धाड होती. त्यांना वॉटर्लू नावाच्या शहरी नेले आणि गुराढोरांचे प्रदर्शन जेथे भरते त्या मैदानावरील इमारतींत ठेवले. तेथल्याच नाचाच्या दालनात न्यायालय बसले. दहा-दहा जणांचा गट, साखळदंड बांधलेला, एका वेळी उभा राही. त्यांच्यापुढे पर्याय ठेवला होता : खोटा सामाजिक सुरक्षा क्रमांक वापरल्याचा गुन्हा कबूल करा, पाच महिने तुरुंगात काढा आणि देशाबाहेर जा, नाहीतर दुसऱ्याची ओळख चोरल्याच्या गंभीर आरोपाला तोंड द्या, त्याला किमान दोन वर्षे. घरी बायकामुले कमाईवाचून बसलेली. बहुतेकांनी पाच महिने पत्करले.

ह्या न्यायालयात दुभाष्याचे काम करणारे प्राध्यापक एरिक कामायद-फ्रेइहास ह्यांनी नंतर एक निबंध लिहून सारा प्रकार जगापुढे मांडला. दुभाष्याने आपल्या कामाविषयी मौन पाळावे असा संकेत आहे. तो त्यांनी मोडला, आणि मला वाटते, बरे केले. त्यांच्या लिहिण्यातील एक मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्या ग्वाटेमालियन मजुरांपैकी पुष्कळ जण माया वंशाचे होते. त्यांची मातृभाषा स्पॅनिश नव्हतीच. सामाजिक सुरक्षा क्रमांक म्हणजे काय, हेच अनेकांना नीट ठाऊक नव्हते. पुढच्याच वर्षी, मे २००९ मध्ये, दुसऱ्या एका मजुराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला की, वापरलेला क्रमांक खरोखरच दुसऱ्या कोणा माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होते, असे सिद्ध झाल्यावाचून ओळख चोरल्याचा तो गुन्हा शाबीत होत नाही. पोस्टव्हिलची माणसे तोपर्यंत शिक्षा भोगून परत ग्वाटेमालाला गेली होती.

गावात मागे राहिल्या त्या बायका आणि मुले. ज्या आयांना मुलांसाठी सोडले होते त्यांच्या घोट्याला पाळत ठेवणारे यंत्र बांधलेले. काम करण्याची परवानगी नाही, गाव सोडण्याचीही नाही. सेंट ब्रिजेट ह्या कॅथलिक चर्चमध्ये शेकडो लोक आश्रयाला आले, बाकांवर निजले. स्वयंपाक कोणी केला? पुष्कळसा त्याच मितभाषी आयोवाच्या बायकांनी. ती झाकलेली भांडी ह्या वेळी परत गेली नाहीत. २७ जुलै २००८ रोजी गावात सुमारे हजार माणसांचा मोर्चा निघाला. त्यात कॅथलिक होते, लुथरन होते, आणि शिकागो व मिनियापोलिसहून आलेले ज्यूही होते. ज्या मांसाला आपण शुद्ध म्हणतो ते अशा कष्टांतून आलेले असावे काय, हा प्रश्न ते आपल्याच धर्मबांधवांना विचारीत होते. मॉट आणि गांधीजींच्या सेगावच्या संवादाची मला येथे आठवण होते.

कारखान्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मजूर हवे होते म्हणून मालकांनी पलाऊ ह्या फिलिपाइन्सच्या पूर्वेकडील चिमुकल्या बेट-देशातून माणसे आणली. तेथील नागरिकांना एका कराराने अमेरिकेत काम करण्याचा हक्क आहे. बारमाही उन्हाळ्यातली ही माणसे आयोवाच्या हिवाळ्याच्या तोंडावर उतरली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. व्यवस्थापकाला बँकेच्या फसवणुकीबद्दल २७ वर्षांची शिक्षा झाली. २०१७ साली ती राष्ट्राध्यक्षांनी कमी केली. २००९ साली नव्या मालकाने नव्या नावाने कारखाना चालू केला, आणि मिनेसोटातून सोमाली मुसलमान कामाला येऊ लागले. काही ग्वाटेमालियन बायकांना गुन्ह्याचे बळी म्हणून रीतसर राहण्याचा परवाना मिळाला. त्यांची कुटुंबे परतली. गावच्या पाटीवर स्वागताचा मजकूर आहे, त्याचा अर्थ 'जगाचे आपले गाव' असा होतो. पाटी लावणे सोपे असते, असे कोणी म्हणेल. खरे आहे.

२०२० च्या खानेसुमारीत पोस्टव्हिल २,५०३ वर गेले. त्याच दहा वर्षांत अलामकी जिल्हा १४,३३० वरून १४,०६१ वर उतरला, आणि क्लेटन जिल्हाही घटला. भोवतालचा मुलूख रिता होत असताना हे गाव भरत आहे, आणि ते भरत आहे ते बाहेरच्यांमुळे, एवढे तरी आकड्यांवरून कळते.

पण कोण भरत आहेत? अमेरिकन खानेसुमारी वंश विचारते, धर्म विचारीत नाही. धर्माविषयीच्या प्रश्नाला उत्तर देण्याची सक्ती करता येणार नाही असा तेथे १९७६ पासून कायदाच आहे. आपल्या जनगणनेत धर्म आणि मातृभाषा ह्यांचे रकाने असतात, म्हणून आपल्याला हे चमत्कारिक वाटते. त्याचा परिणाम असा की, काळ्या कोटातला हासिदी आणि गवत कापणारा लुथरन हे दोघे एकाच रकान्यात 'गोरे' म्हणून पडतात. ज्यांच्या तंट्यावर पुस्तक लिहिले गेले त्यांच्यातला भेद कागदावर उमटतच नाही. काल आलेला सोमाली आणि दहा पिढ्यांपासून अमेरिकेत असलेला निग्रोवंशीय, दोघेही एकाच रकान्यात. घरी माया भाषा बोलणारा ग्वाटेमालाचा शेतकरी 'हिस्पॅनिक' ठरतो, म्हणजे ज्या स्पॅनिश राज्यकर्त्यांनी त्याच्या पूर्वजांना जिंकले त्यांच्याच नावाने तो मोजला जातो.

२०२० च्या अर्जात एक सुधारणा झाली. गोरे आणि काळे ह्या रकान्यांखाली प्रथमच एक ओळ कोरी ठेवून मूळ कोठले ते लिहावयास सांगितले. उत्तर कसे द्यावे हे समजावे म्हणून उदाहरणेही छापली होती. गोऱ्यांसाठी पहिले उदाहरण होते 'जर्मन'. काळ्यांसाठीच्या उदाहरणांत 'सोमाली' होते, आणि हिस्पॅनिकांसाठीच्या उदाहरणांत 'ग्वाटेमालियन'. साऱ्या देशासाठी छापलेला तो अर्ज पोस्टव्हिलच्या एखाद्या गल्लीत उभे राहून लिहिल्यासारखा वाटतो. त्या गल्लीतल्या हासिदी गृहस्थाने मात्र त्या कोऱ्या ओळीत आपल्या आजोबांचे मूळ म्हणून रशिया लिहिले असेल, पोलंड लिहिले असेल, किंवा ती तशीच कोरी सोडली असेल.